मागचे दार की दुसरे दार? एनसी स्टेटच्या पाच विजयांमधून समजून घ्या अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉल

मार्चचा मध्य आला की अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर चौकटींचा एक तक्ता फिरू लागतो. दोन्ही कडांना कॉलेजांची नावे, मधोमध रिकाम्या जागा आणि कोण कोणाला हरवेल ते भरून पाठवण्याचा आग्रह. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातली निम्मी कॉलेजे कोणत्या राज्यात आहेत हेही ठाऊक नसते. त्यातच कोणीतरी लिहितो की अमुक संघ वर्षभर हरत होता, पण शेवटच्या आठवड्यात जिंकला म्हणून त्याला प्रवेश मिळाला, आणि तमुक संघ वर्षभर जिंकत होता तरी तो बाहेर राहिला. हे वाचून सरळ विचार करणारा माणूस गोंधळतो. हा गोंधळ सोडवायला २०२४ मधील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या, म्हणजे एनसी स्टेटच्या, पुरुष संघाच्या हंगामाइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण या पद्धतीतला न्याय आणि अन्याय दोन्ही त्या एका हंगामात सापडतात.

नियमित हंगाम संपला तेव्हा या संघाच्या नावावर १७ विजय आणि १४ पराभव होते. शेवटचे चारही सामने तो सलग हरला होता आणि त्याच्या गटात त्याचा क्रमांक दहावा होता. त्यानंतर १२ ते १६ मार्च या पाच दिवसांत त्याने पाच सामने जिंकले आणि गटाचे विजेतेपद पटकावले.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

अमेरिकेतील कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना म्हणजे एनसीएए. तिच्या सर्वोच्च श्रेणीत पुरुषांचे सुमारे ३६० बास्केटबॉल संघ खेळतात. इतक्या संघांची एकमेकांशी गाठ घालून देणे अशक्य आहे, म्हणून विद्यापीठांनी आपापले गट केलेले आहेत. या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. एनसी स्टेट ज्या गटात आहे त्याचे नाव अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, थोडक्यात एसीसी. तिची स्थापना १९५३ ची आणि २०२३-२४ मध्ये तिच्यात बास्केटबॉलचे १५ संघ होते.

कॉन्फरन्सला केवळ वेळापत्रकाची सोय समजू नये, कारण शेजाऱ्यांची भाऊबंदकी तिच्यातच नांदते. एनसी स्टेट रॉली शहरात, ड्यूक शेजारच्या डरॅममध्ये आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ चॅपल हिलला, अशी ही तिन्ही विद्यापीठे मोटारीने पाऊण तासाच्या टप्प्यात आहेत. बाकीचे दोघे देशभर गाजलेले आणि एनसी स्टेट म्हणजे घरातला तो मधला मुलगा, ज्याचे कौतुक शेवटचे कधी झाले होते ते आठवावे लागते. या भागातल्या तंत्रज्ञान उद्योगांमुळे तिथे मराठी कुटुंबेही बरीच आहेत, आणि त्यांच्या मुलांनाही शाळेत पहिल्यांदा विचारले जाते ते हेच, की तू तिघांपैकी कोणाचा?

हंगामाचे दोन भाग असतात. आधी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साखळी सामने. २०२३-२४ मध्ये त्यातले २० एसीसीमधल्याच संघांशी झाले आणि बाकीचे बाहेरच्यांशी. मग मार्चमध्ये कॉन्फरन्सची बाद फेरीची स्पर्धा, जिच्यात हरला तो घरी जातो. एसीसीचा अधिकृत विजेता ठरतो तो या दुसऱ्या भागात, साखळीतल्या पहिल्या क्रमांकावरून नव्हे. त्यानंतर ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा.

६८ बर्थची गाडी

खरी गुंतागुंत आहे ती ६८ जागा कशा भरतात यात. रेल्वेच्या आरक्षणाचे उदाहरण घेतले की ती चटकन उलगडते.

गाडीत ६८ बर्थ आहेत असे समजा. २०२४ मध्ये त्यातले ३२ कोट्यातले होते, म्हणजे देशातल्या ३२ कॉन्फरन्सच्या विजेत्यांसाठी राखीव. विजेता कोणीही असो, त्याचा आधीचा हिशेब कोणी विचारत नाही. उरलेले ३६ बर्थ एक निवड समिती भरते. संपूर्ण हंगामात कोण कोणाशी खेळला, कुठे खेळला आणि किती फरकाने जिंकला किंवा हरला हे पाहून ती यादी करते. एका रविवारी संध्याकाळी चार्ट लागतो, आणि आरएसीवाल्यांची जी घालमेल आपण फलाटावर पाहतो तीच त्या संध्याकाळी देशभरच्या कॉलेजांत पाहायला मिळते.

आता यातली मेख पाहा. नॉर्थ कॅरोलायनासारखा बलाढ्य संघ एसीसी जिंकला असता, तर कोट्यातला बर्थ त्याला मिळाला असता. पण त्याच्यापाशी सर्वसाधारण यादीतले कन्फर्म तिकीट असतेच. ती सर्वसाधारण जागा मग मोकळी होते आणि प्रतीक्षा यादीतला पहिला प्रवासी आत येतो. म्हणजे बलाढ्य जिंकले की काठावरचे संघ सुटकेचा श्वास टाकतात. एनसी स्टेटसारखा तिकीटच नसलेला संघ जिंकला, तर कोट्याचा बर्थ तो घेतो, नॉर्थ कॅरोलायना आपल्या कन्फर्म तिकिटावर बसून राहतो आणि प्रतीक्षा यादी एका अंकाने मागे सरकते. अशा संघाला तिकडे बोलीभाषेत ‘जागाचोर’ म्हणतात. शब्द मला अन्यायाचा वाटतो, कारण नियमाने ठेवलेला कोटा नियमाने मिळवणाऱ्याला चोर म्हणणे बरोबर नाही, पण ज्याची जागा गेली त्याने सभ्य शब्द वापरावा अशी अपेक्षाही धरता येत नाही.

दहाव्या क्रमांकाची किंमत

साखळीतला क्रमांक बाद फेरीत वाया जात नाही. एसीसीच्या पद्धतीत पहिल्या चार संघांना दोन फेऱ्यांची पुढे चाल मिळते, पाच ते नऊ क्रमांकांना एका फेरीची, आणि दहा ते पंधरा क्रमांकांना पहिल्या दिवसापासून खेळावे लागते. म्हणून वरच्या चौघांना विजेतेपदासाठी तीन सामने जिंकावे लागतात आणि दहाव्याला पाच, तेही रोज एक, मध्ये एकही विश्रांतीचा दिवस नसताना.

गणित करून पाहा. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेल्या संघाला तीन सामने सलग जिंकायचे असतील, तर त्याची एकूण शक्यता सुमारे ३४ टक्के येते. प्रत्येक सामन्यात ४० टक्के शक्यता असलेल्या संघाला पाच जिंकायचे असतील, तर ती एक टक्क्यावर येते. ‘दहावा काय नि पहिला काय, बाद फेरीत सगळे सारखे’ असे म्हणणाऱ्याला हे दोन आकडे पुरेत.

एनसी स्टेटने मंगळवारी पंधराव्या लुईव्हिलला ९४-८५ असे, बुधवारी सातव्या सिरॅक्यूसला ८३-६५ असे आणि गुरुवारी दुसऱ्या ड्यूकला ७४-६९ असे हरवले. शुक्रवारी तिसरा व्हर्जिनिया समोर होता, आणि शनिवारच्या अंतिम सामन्यात पहिला नॉर्थ कॅरोलायना. दहाव्या संघाच्या वाट्याला इतकी चढण येते हा योगायोग नव्हे. तक्त्याची रचनाच तशी असते.

५.३ सेकंद

वॉशिंग्टनमध्ये झालेल्या या स्पर्धेतला शुक्रवारचा उपांत्य सामना थोडा जवळून पाहायला हवा, कारण कोटा, प्रतीक्षा यादी, लाखो डॉलर हे सगळे शेवटी कशावर तोलले जाते ते तिथे दिसते.

व्हर्जिनिया ५८-५५ असा पुढे होता आणि ५.३ सेकंद उरले होते. एनसी स्टेटने घड्याळ थांबवण्यासाठी जाणूनबुजून फाउल केला आणि व्हर्जिनियाचा आयझॅक मॅक्नीली फ्री थ्रोसाठी, म्हणजे एका गुणाच्या मोकळ्या फेकीसाठी, उभा राहिला. कॉलेजच्या पुरुष सामन्यांत एक नियम आहे: अर्ध्या डावात प्रतिस्पर्ध्याचे सात फाउल झाले की फ्री थ्रो मिळतो, पण पहिला चेंडू जाळीत गेला तरच दुसरा फेकायला मिळतो. पहिला चुकला, तर चेंडू तिथूनच खेळात. पहिला गेला असता तर आघाडी चारची झाली असती, आणि पाच सेकंदांत चार गुण जवळजवळ अशक्यच.

मॅक्नीलीचा पहिलाच चुकला. चेंडू एनसी स्टेटच्या मायकेल ओकॉनेलकडे आला. तो मैदानाच्या लांबीने धावला आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून, शेवटचा भोंगा वाजण्याआधी, त्याने चेंडू भिरकावला. चेंडू फळीवर आदळला, कड्यावर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला. ५८-५८. जादा पाच मिनिटांत एनसी स्टेटने तो सामना ७३-६५ असा जिंकला.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात समोर तोच नॉर्थ कॅरोलायना होता, ज्याने साखळीत या संघाला दोन्ही वेळा हरवले होते. ८४-७६. एनसी स्टेटचे एसीसीचे हे १९८७ नंतरचे पहिले विजेतेपद. पाच दिवसांत पाच सामने जिंकून ही स्पर्धा जिंकणारा एसीसीच्या इतिहासातला तो पहिला संघ. जादा वेळ धरून पाच दिवसांत २०५ मिनिटांचा खेळ झाला होता.

पण एका आठवड्यात संघ बदलतो कसा?

ही पहिली शंका रास्त आहे. चार महिने जे जमले नाही ते पाच दिवसांत कसे जमले?

थोडे उत्तर खेळाडूंच्या ये-जा करण्यात आहे. अलीकडच्या वर्षांत नियम सैल झाल्यामुळे खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात सहज जाऊ शकतात. एनसी स्टेटच्या शेवटच्या टप्प्यातील पहिल्या पाच जणांपैकी प्रत्येक जण दुसरीकडून आलेला होता. ओकॉनेल स्टॅनफर्डहून, डीजे हॉर्न ॲरिझोना स्टेटहून, केसी मॉर्सेल व्हर्जिनियाहून, मोहमद दियारा मिझुरीहून आणि डीजे बर्न्स विन्थ्रॉपहून. वेगवेगळ्या नाटक मंडळींतले नट एकत्र आणून बसवलेल्या प्रयोगासारखी ही गत. तालमी पुरेशा झाल्या नाहीत, तर संवाद पाठ असूनही प्रयोग पडतो. तालमी होता होता हंगाम संपत आला, इतकेच.

दुसरे उत्तर बर्न्स. उंची सुमारे सव्वादोन यार्ड, म्हणजे दोन मीटर सहा सेंटिमीटर, वजन सुमारे १२५ किलो, डावखुरा, पळण्यात अजिबात चपळ नाही. आजचे बास्केटबॉल लांबून फेकणाऱ्यांचे आणि वेगाने धावणाऱ्यांचे झाले आहे; त्यात हा गडी जाळीकडे पाठ करून उभा राहायचा, प्रतिस्पर्ध्याला पाठीने हळूहळू मागे रेटत न्यायचा, आणि अंगावर दोघे धावून आले की मोकळ्या सहकाऱ्याकडे अलगद चेंडू सोडायचा. कुस्तीच्या तालमीत वाढलेल्या मराठी वाचकाला ही ताकद आणि ही सबुरी ओळखीची वाटेल. अंतिम सामन्यात त्याने २० गुण केले आणि ७ वेळा सहकाऱ्यांना गुण करून दिले, तर हॉर्नचे २९ गुण होते. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान बर्न्सला मिळाला.

आणि दियाराचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. फ्रान्समधून आलेला हा मुस्लिम खेळाडू, आणि त्या वर्षी रमझान नेमका स्पर्धेच्या आदल्या दिवशी सुरू झाला. त्याने रोजे सोडले नाहीत. उजेड असेपर्यंत पाण्याचा घोट नाही, आणि तरीही तो पुढचे तीन आठवडे उसळून आलेले चेंडू टिपत राहिला.

मग साखळी सामने खेळायचे कशाला?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. पाच दिवसांनी चार महिन्यांचा हिशेब पुसायचा असेल, तर चार महिने घाम कशासाठी गाळायचा?

पहिली गोष्ट म्हणजे हिशेब पुसला जात नाही. पुढे चाल कोणाला मिळणार ते साखळीच ठरवते. समितीच्या जागाही मुख्यतः साखळीवरच जातात. राष्ट्रीय स्पर्धेत संघांना चार विभागांत १ ते १६ असे मानांकन मिळते तेव्हाही पूर्ण हंगाम मोजला जातो. एसीसी जिंकूनही एनसी स्टेटला मानांकन मिळाले ते अकरावे, आणि ज्याला त्याने अंतिम सामन्यात हरवले त्या नॉर्थ कॅरोलायनाला पहिले. कोट्याने गाडीत प्रवेश मिळतो, खिडकीची जागा मिळत नाही.

दुसरी गोष्ट छोट्या कॉन्फरन्सची. त्यांच्यातील बहुतेक संघांना समितीच्या यादीत कधीच जागा मिळत नाही, कारण त्यांचे सामने नामवंतांशी होतच नाहीत. त्यांच्यासाठी कॉन्फरन्सचे विजेतेपद हे एकमेव दार असते. त्याच २०२४ मध्ये मिशिगनमधील ओकलंड विद्यापीठाचा संघ याच दाराने आला आणि चौदावे मानांकन असताना त्याने केंटकीसारख्या मातब्बर संघाला ८०-७६ असे घरी पाठवले. हे दार बंद केले तर राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे वीस-पंचवीस श्रीमंत विद्यापीठांचे स्नेहसंमेलन उरेल.

हे दार साखळीच्या विजेत्याला का देऊ नये, असे कोणी विचारेल. आयव्ही लीग या गटाने कित्येक वर्षे तेच केले. मात्र २०१७ पासून त्यांनीही बाद फेरी सुरू केली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांनाही मार्चच्या गर्दीचा मोह आवरला नाही, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

एका संघापुरते उघडलेले दार

या कोट्याच्या इतिहासातही एनसी स्टेट आहेच. पूर्वी प्रत्येक कॉन्फरन्समधून फक्त विजेताच राष्ट्रीय स्पर्धेत जात असे, दुसरे दारच नव्हते. १९७४ च्या एसीसी अंतिम सामन्यात एनसी स्टेटने मेरिलँडला जादा वेळेत १०३-१०० असे हरवले. दोन्ही संघ देशातील सर्वोत्तम संघांत गणले जात होते. एनसी स्टेट पुढे जाऊन, सलग सात वर्षे विजेता राहिलेल्या यूसीएलएला हरवून राष्ट्रीय विजेता झाला. मेरिलँडला मात्र राष्ट्रीय स्पर्धेत पाऊलही टाकता आले नाही. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ घेण्यास सुरुवात झाली. आज आपण ज्याला सर्वसाधारण यादी म्हणत आहोत ती अशी जन्माला आली. म्हणजे हरणाऱ्या चांगल्या संघासाठी दार उघडले ते या कॉलेजने कोणाला तरी बाहेर ठेवल्यानंतर, आणि पन्नास वर्षांनी जिंकणाऱ्या सामान्य संघासाठीच्या दारातून आत आले तेही हेच कॉलेज.

ज्यांची जागा गेली

आता तराजूचे दुसरे पारडे. इंडियाना स्टेट विद्यापीठ, म्हणजे बास्केटबॉलचा दिग्गज खेळाडू लॅरी बर्ड याचे कॉलेज. २०२४ मध्ये चार्ट लागण्याच्या दिवशी या संघाच्या नावावर २८ विजय आणि ६ पराभव होते. आपल्या छोट्या कॉन्फरन्सची साखळी त्याने जिंकली होती, पण बाद फेरीच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून तो ८४-८० असा हरला. चष्मा घालून खेळणारा त्यांचा रॉबी आविला तोपर्यंत देशभर लाडका झाला होता. त्या आठवड्यात एनसी स्टेटप्रमाणेच ओरेगन, डुकेन, यूएबी अशा तिकीट नसलेल्या संघांनीही कोट्यातले बर्थ मिळवले, आणि यादी मागे सरकत सरकत इंडियाना स्टेट बाहेर पडला. एसीसीच्या साखळीत चौथा आलेला पिट्सबर्गही बाहेरच राहिला.

इथे माझे मत सरळ आहे. २८-६ असा संघ घरी बसतो याचा दोष एनसी स्टेटला किंवा कोट्याला देऊ नये. तो समितीच्या ३६ जागांच्या वाटपाचा दोष आहे, कारण मोठ्या कॉन्फरन्समधल्या संघाला दमदार प्रतिस्पर्ध्यांशी हरण्याची संधी मिळते आणि ते पराभवही त्याच्या जमेला धरले जातात. छोट्याला ती संधीच नसते. राष्ट्रीय स्पर्धेत न आलेल्यांसाठी एनआयटी नावाची दुसरी स्पर्धा असते. इंडियाना स्टेट तिथे अंतिम फेरीपर्यंत गेला आणि अवघ्या दोन गुणांनी हरला.

हे केवळ नशीब नव्हते का?

फळीवर आदळून आत गेलेला चेंडू पाहिला की नशीब म्हणण्याचा मोह होतोच. त्यानंतर काय झाले ते मात्र पाहायला हवे. राष्ट्रीय स्पर्धेत एनसी स्टेटने टेक्सस टेकला हरवले, ओकलंडला जादा वेळेत हरवले, दुसरे मानांकन असलेल्या मार्केट विद्यापीठाला हरवले, आणि मग ड्यूकला पुन्हा एकदा, ७६-६४ असे. त्या सामन्यात बर्न्सचे २९ गुण होते. अखेरच्या चार संघांत जाऊन पोहोचल्यावर ॲरिझोनातील ग्लेंडेल येथे परड्यूने त्यांना ६३-५० असे थांबवले. सलग नऊ विजय केवळ नशिबाने मिळत नाहीत, जरी त्यातला चौथा नशिबाशिवाय मिळाला नसता. त्याच मोसमात त्या कॉलेजचा महिला संघही अखेरच्या चारांत होता, याची दखल मात्र निम्म्यानेही घेतली गेली नाही.

पैसा कुठे जातो?

राष्ट्रीय स्पर्धेच्या दूरचित्रवाणी हक्कांतून एनसीएएला वर्षाला एक अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम मिळते. त्यातला एक वाटा सामन्यांच्या हिशेबाने कॉन्फरन्सना जातो. अंतिम सामना वगळता, संघ खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे त्याच्या कॉन्फरन्सला सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर मिळतात. एनसी स्टेट पाच सामने खेळला, म्हणजे एसीसीला साधारण एक कोटी डॉलर. ओकॉनेलचा तो चेंडू कड्यावरून बाहेर पडला असता, तर यातला एकही डॉलर या संघाच्या नावे आला नसता.

प्रशिक्षक केव्हिन कीट्स यांची नोकरी मार्चच्या सुरुवातीला डळमळीत मानली जात होती. एसीसीच्या विजेतेपदामुळे करारातील अटीनुसार त्यांची मुदत आपोआप दोन वर्षांनी वाढली.

पुढच्या मार्चमध्ये

२०२४-२५ मध्ये स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया आणि एसएमयू हे संघ एसीसीत दाखल झाले आणि संघांची संख्या १८ झाली. त्या वर्षीपासून बाद फेरीत फक्त पहिल्या १५ जणांना प्रवेश देण्यात आला. बर्न्स, हॉर्न, दियारा, मॉर्सेल सारे कॉलेज संपवून गेले होते. एनसी स्टेटचा हंगाम १२ विजय आणि १९ पराभवांवर संपला, पहिल्या पंधरांत तो आला नाही, आणि गतविजेत्या संघाला आपल्याच कॉन्फरन्सच्या बाद फेरीत मंगळवारचा तो पहिला सामनासुद्धा खेळायला मिळाला नाही. ९ मार्च २०२५ रोजी विद्यापीठाने कीट्स यांना पदावरून दूर केले. वाढीव मुदतीची वर्षे तेव्हा अजून सुरूही व्हायची होती.